शब्दावर कोणाचा हक्क?

जयपूरच्या जगतपुरा या वस्तीच्या नावातले ‘जगत’ मराठी माणसाला परके वाटत नाही. हेच ‘जगत’ इंग्रजीत मात्र ओळखू येणार नाही अशा वेषात गेले आहे. समोर येईल ते चिरडत जाणाऱ्या शक्तीला इंग्रजीत ‘जगरनॉट’ म्हणतात. ब्रिटनमध्ये अवजड मालट्रकलाही. हा शब्द म्हणजे आपला जगन्नाथ.

14व्या शतकात ओदोरिक या इटालियन धर्मोपदेशकाने लिहून ठेवले की, भारतात भक्त देवाच्या रथाच्या चाकांखाली स्वतःला झोकून देतात. पुढे अशा कथा पुरीच्या रथयात्रेला चिकटल्या आणि 19व्या शतकात जगाचा नाथ इंग्रजीत निर्दय चाक होऊन बसला.

आणखी मागे गेले तर वेगळेच दिसते. ‘जगत्’ हा शब्द ‘गम्’ म्हणजे जाणे या धातूपासून आला. जे सतत चालते ते जगत्. भाषाशास्त्रज्ञ याच मुळाशी इंग्रजीतला ‘कम’ जोडतात. म्हणजे इंग्रजीने परका समजून बदनाम केलेल्या शब्दात तिच्याच घरचे रक्त होते.

मग मूळ अर्थ तोच खरा आणि आजचा खोटा, असे म्हणावे का? मला तसे वाटत नाही. शब्दाचा अर्थ बोलणारेच ठरवतात. पण अर्थ बदलताना कोणावर अन्याय झाला, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

आणि तो फक्त इंग्रजांना विचारून चालणार नाही. अशोकाच्या 12व्या शिलालेखात ‘पासंड’ म्हणजे धर्मपंथ, कोणताही. सर्व पंथांचा मान राखा, असे तो सांगतो. तोच शब्द आपल्याकडे ‘पाखंड’ झाला. दुसऱ्याचा पंथ म्हणजे ढोंग, हा निवाडा आपण शब्दातच कोरून ठेवला आणि कोरल्याचे विसरलो.

‘जगरनॉट’ ऐकून दुखावणाऱ्याने ‘पाखंडी’ म्हणताना क्षणभर थांबावे. शब्द टाकून द्यावा असे नाही. पण त्याच्या चाकाखाली कोण आले होते, हे एकदा कळल्यावर तो पूर्वीइतक्या सहज तोंडून निघू नये, एवढे तरी आपण त्या माणसांचे देणे लागतो.