चाकाखालचा मासा

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या दक्षिण कोकणात तुळशीपुढे कारीट फोडतात. अभ्यंगस्नान झाले की डाव्या पायाच्या अंगठ्याखाली ते कडू फळ चिरडायचे, ‘गोविंदा, गोविंदा’ म्हणायचे, त्याचा थेंब जिभेला लावायचा आणि मग गोडाच्या पोह्यांकडे वळायचे. लहानपणी मला यात मौज वाटे ती एवढीच, की वर्षातून एकदा काहीतरी चिरडायला वडीलधाऱ्यांची परवानगी मिळते. आता या विधीत मला शहाणपण दिसते. चिरडण्यापूर्वी मनुष्य खाली पाहतो, पायाखाली काय आहे ते त्याला ठाऊक असते आणि त्याचा कडूपणाही त्याच्याच जिभेवर येतो. एरवी आपल्या पायाखाली वर्षभर काय काय येते, त्याचा हिशेब कोण ठेवतो?

हा विचार मला कोणा साधुसंताने दिलेला नाही. तो मोटरसायकलने दिला.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पेशा शाळामास्तराचा आणि खोड कादंबऱ्या लिहिण्याची. असा मनुष्य सुट्टीच्या दिवशी मोटरसायकल घेऊन रस्ता नसलेल्या जागी हिंडतो म्हटले की लोक हसतात. आमच्या घरातून तर अजून स्पष्ट मत ऐकायला मिळते. पण व्यसन जुने आहे. २००३ साली मी एक जुनी येझदी विकत घेतली. म्हैसूरचा तिचा कारखाना १९९६ सालीच बंद पडला होता. गियरचाच दांडा फिरवून किक मारायची आणि पेट्रोलमध्ये तेल मिसळून भरायचे, असा तिचा थाट. गावच्या मिस्त्रीने तिला जाड खाचांचे टायर चढवून दिले आणि मी सड्यावर गेलो. पुढे २०११ साली हीरोची इम्पल्स बाजारात आली, ती मी दुसऱ्या वर्षी हप्त्याने घेतली. आता आहे ती त्याच घरची एक्सपल्स. ही २०१९ साली निघाली. पुढचे चाक एकवीस इंची, आणि जमिनीपासून पोटापर्यंत २२० मिलिमीटर अंतर, म्हणजे जवळजवळ वीतभर. हे अंतर ज्याला लाभले त्याला रस्त्याची फारशी गरज राहत नाही.

सडा म्हणजे काय, हे घाटावरच्या वाचकांना सांगायला हवे. आमच्या डोंगरांचे माथे सपाट असतात आणि त्यांवर जांभ्या दगडाचा उघडा कातळ मैलच्या मैल पसरलेला असतो. उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापतो, पावसाळ्यात त्यावर बोटभर माती आणि वीतभर पाणी साचते. सातबाऱ्यावर अशा जमिनीला ‘पोटखराबा’ म्हणतात, म्हणजे पिकाला निरुपयोगी. हा शब्द मला फार सोयीचा वाटे. जिथे पीक नाही, कुंपण नाही, तिथे कोणाचे काय बिघडते?

आणि त्या फिरण्यातला आनंद मी नाकारणार नाही. पायटांवर उभे राहायचे, गुडघ्यांनी टाकी धरायची, कोपरे बाहेर काढायची आणि दुसऱ्या गियरमध्ये गाडीला तिच्या मनाप्रमाणे थोडे हलू द्यायचे. दगडावरून दगडावर ती उडते, घसरते, सावरते. या विद्येचा पहिला धडा असा, की चाकाकडे पाहायचे नाही. नजर जिकडे, गाडी तिकडे. समोरच्या दगडाकडे पाहत राहिलात तर त्याच्यावरच आदळता. म्हणून नजर दूर ठेवायची. मी हा धडा इतका चांगला गिरवला, की पंधरा-सोळा वर्षे मी सड्यावर चाकाखाली पाहिलेच नाही.

२०२१ च्या जानेवारीत एका संध्याकाळी सड्याच्या मधोमध मागचे चाक बसले. बाभळीचा काटा. पंप घरी राहिलेला. मी गाडी आडवी करून कातळावर बसलो. सूर्य अगदी खाली आला होता आणि प्रत्येक खड्याची सावली लांब पडली होती. त्या तिरप्या उजेडात मला समोर एक रेघ दिसली. ती वळत गेली, दुसऱ्या रेघेला मिळाली, आणि एकाएकी तिथे मासा झाला. दोन हात लांब, शेपूट फुटलेले, अंगावर आडव्या खाचा. कातळात बोटाच्या पेराएवढी खोल कोरलेली ती आकृती होती. तिच्या पाठीवरून मातीचा एक पट्टा गेला होता, आणि त्यातल्या खाचा माझ्या टायरच्या होत्या. शेपटाच्या बाजूला रेघेचा काठ ताजा, तांबडा तुटलेला होता.

तेवढ्यात गुरे घेऊन परतणारे एक ओळखीचे आबा तिथे आले. मी त्यांना मासा दाखवला. ते हसले.

“मास्तरांनू, ह्यो मासो आमी ल्हानपणापासून बगतव. तुमची गाडी रोज तेच्या पाठीरसूनच जाता.”

“मग मला कधी सांगितलं का नाही, आबा?”

“सांगाक तुमी थांबल्यात खय?”

रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर अशी कातळशिल्पे पुष्कळ आहेत. राजापूर तालुक्यात कशेळीला आपल्या अंगात कितीतरी प्राणी सामावून घेतलेला प्रचंड हत्ती आहे. बारसू, उक्षी, देवाचे गोठणे, मालवण तालुक्यातले कुडोपी, ही नावे आता बाहेरही पोचली आहेत. २०२२ साली कोकणातल्या आणि गोव्यातल्या मिळून नऊ ठिकाणांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत झाला. अभ्यासक त्यांचे वय हजारो वर्षांचे मानतात. माझा मासा कोणत्याही यादीत नाही. कोणी तरी, कधी तरी, इथे गुडघे टेकून दगडाने दगड कोरला होता, आणि मी त्यावरून दुसऱ्या गियरमध्ये जात होतो.

त्या रात्री मी स्वतःचे समाधान करू पाहिले. अजाणता घडले, त्याचे पाप कसले? आजीही असेच म्हणायची. पण आपले धर्मशास्त्रकार आजीहून कठोर होते. अजाणता घडलेल्या दोषालाही त्यांनी प्रायश्चित्त सांगितले. जाणूनबुजून केलेल्याहून हलके, पण सांगितले. त्यात काही अर्थ असला पाहिजे.

मला वाटते, अजाणतेपण दोन तऱ्हेचे असते. आंधळ्याच्या पायाखाली मुंगी येते, ते एक. डोळे असून जो इतक्या वेगाने जातो की पाहणे शक्यच होऊ नये, त्याचे दुसरे. पहिल्याला क्षमा मागण्याचेही कारण नाही. दुसऱ्याने आपले अज्ञान स्वतःच विकत घेतलेले असते, माझ्यासारखे हप्त्याने. आबांना मासा ठाऊक होता, कारण ते गुरांच्या चालीने चालत होते. माझ्या आणि त्यांच्या ज्ञानात शिक्षणाचा फरक नव्हता, चालीचा होता.

मग रस्त्याने जाणारा तरी कुठे खाली पाहतो? खरे आहे. पण रस्ता होण्यापूर्वी कोणी तरी जमीन मोजलेली असते, कोणाचे तरी झाड, कोणाची तरी विहीर यांवरून भांडण झालेले असते, पैसे दिलेले असतात, क्वचित बुडवलेलेही असतात. पाहण्याचे काम समाजाने आपल्या वतीने, चांगले वाईट कसे का असेना, एकदा केलेले असते. त्याच्या आधारावर आपण निर्धास्त गाडी हाकतो. रस्ता सोडला की तो आधार सुटतो आणि पाहण्याचे सगळे काम एकट्यावर येते. आडवाटेच्या स्वातंत्र्याची ही किंमत आहे, आणि ती न देता मी इतकी वर्षे फुकट फिरलो.

ज्या डकार शर्यतीची चित्रे पाहून माझ्या शाळेतली मुले वेडी होतात, तिथेही हे मोकाटपण नसते. २०१५ साली सी. एस. संतोष हा ती पुरी करणारा पहिला भारतीय ठरला. वाळवंटातल्या त्या शर्यतीत प्रत्येकाजवळ मार्गवही असते, ठरलेल्या खुणांवरून जावे लागते, चुकले तर दंड होतो. उलट पेरू देशात, नाझ्काच्या जगप्रसिद्ध भूरेषांवर २०१८ च्या जानेवारीत एका चालकाने हमरस्ता सोडून आपली मालमोटार घातली आणि तीन रेषांना इजा केली. त्याच्या चाकांच्या खुणा जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आल्या. माझ्या खुणा कोणी छापल्या नाहीत, एवढाच माझा मोठेपणा.

एक आक्षेप माझ्याच मनाने घेतला. शेजारच्या सड्यावर चिरेखाण आहे. तिथले यंत्र रोज कातळ कापून गाड्या भरते, एक दिवस सगळा सडाच घरांच्या भिंतींत जाईल. तिथे माझ्या दोन चाकांचे काय घेऊन बसलात? पण दुसऱ्याच्या मोठ्या खड्ड्यात आपला छोटा खड्डा लपवता येतो, बुजत नाही. आणि त्या चिऱ्यांनी माझेही घर बांधलेले आहे.

गाडी मी विकलेली नाही. विकली असती तर हा लेख अधिक शोभला असता. एक नेम मात्र केला: जिथे मी पायी गेलो नाही, तिथे चाकाने जायचे नाही. पावसाळ्यात सड्यावर जायचेच नाही. अनवाणी हिंडलो तेव्हा मला कळले, की आषाढात तिथे दिपकाडीची पांढरी फुले येतात, श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवे आणि गेंद फुलतात, आणि सारे उभे असते त्या बोटभर मातीवर. चाकाची एक चरी पडली की पाणी तिच्यातून माती घेऊन जाते. पोटखराबा हा शब्द आता मला पूर्वीइतका सोयीचा वाटत नाही.

मासा ग्रामपंचायतीला कळवला. भोवती दगडांची एक ओळ लागली आहे. गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी नवी गाडी घेऊन आला. “गुरुजी, सड्यावरची तुमची वाट दाखवा.” मी म्हटले, दाखवतो, पण गाडी इथे ठेव. तो हिरमुसला, तरी आला. दोन तास आम्ही उन्हात चाललो. माशाजवळ तो उकिडवा बसला आणि शेपटाच्या तुटक्या कडेवरून बोट फिरवत त्याने विचारले, “हे कोणी केलं, गुरुजी?”

शाळेत मुलांना मी खरे बोलायला शिकवतो. तरी उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागला.

आनंद पूर्वीचा राहिला नाही, हे कबूल करतो. दुसऱ्या गियरमध्ये असताना अजूनही नजर दूर ठेवावीच लागते, आणि मनात येते: त्या एका जागी काटा लागला म्हणून मी थांबलो. जिथे काटा लागला नाही, अशा जागा किती होत्या?