भांडायला न शिकलेले भक्त

गाय कावासाकी १९८३ साली अ‍ॅपलमध्ये लागले, तेव्हा त्यांचं काम होतं 'इव्हँजेलिस्ट'चं. शब्दशः धर्मप्रचारक. सॉफ्टवेअर कंपन्यांकडे जायचं आणि येऊ घातलेल्या मॅकिंटॉशसाठी प्रोग्राम लिहा म्हणून त्यांना पटवायचं. त्यामुळे अ‍ॅपलच्या चाहत्यांना कुणी 'भक्त' म्हणून चिडवलं की मला त्यात फारसा अपमान दिसत नाही. धर्माची भाषा कंपनीनेच आधी वापरली. मला प्रश्न पडतो तो पुढचा: ही भक्ती कुठल्या जातकुळीची?

नाशिकला ती रोज दिसते. अ‍ॅपलचं स्वतःचं दुकान पाहायचं तर नाशिककराला मुंबई नाहीतर पुणं गाठावं लागतं, पण कॉलेज रोडच्या कुठल्याही कॅफेत बसा, टेबलावर फोन पालथे ठेवलेले असतात. कव्हरला मागे बरोबर सफरचंदाच्या जागी गोल भोक. कव्हर फोन झाकायला घ्यायचं आणि नेमकं तेवढंच उघडं ठेवायचं! अमेरिकेतली पोरं मेसेजच्या निळ्या-हिरव्या फुग्यांवरून एकमेकांना जोखतात म्हणे. आपल्याकडे सगळी बॅच व्हॉट्सअ‍ॅपवर, म्हणून ती भानगड इथे पोचली नाही. भोकावर भागलं.

याला नुसता दिखावा म्हणणं सोपं आहे, पण ते अर्धवट आहे. १८ एप्रिल २०२३ला मुंबईत बीकेसीचं दुकान उघडलं, तेव्हा एक जण आपला जुना मॅकिंटॉश घेऊन आला होता आणि तो पाहून खुद्द टिम कुक चकित झाले. इतका जुना कॉम्प्युटर कोणी शायनिंग मारायला सांभाळत नाही. आणि १९९७ आठवा. अ‍ॅपल बुडायच्या बेतात होती. बोस्टनच्या मॅकवर्ल्डमध्ये स्टीव्ह जॉब्सनी जाहीर केलं की मायक्रोसॉफ्ट १५ कोटी डॉलर गुंतवणार आहे. पडद्यावर बिल गेट्स दिसले आणि चाहत्यांनी हुर्यो उडवली. कंपनी जगवायला पैसा येत होता आणि हे लोक पैसा देणाऱ्याचीच हुर्यो उडवत होते. वेडेपणा खराच, पण मला ती माणसं आवडतात. ती जॉब्सच्या तोंडावर नापसंती दाखवत होती.

हे आवडण्याचं कारण आमच्याच जिल्ह्यातलं आहे. निवृत्तिनाथांची पालखी दरवर्षी त्र्यंबकेश्वरहून निघून नाशिकमार्गे पंढरपूरला जाते. ज्या विठोबाकडे ती जाते, त्याला त्याच्या भक्तांनी काय काय ऐकवलंय! जनाबाईने त्याला चक्क शिव्या घातल्या आहेत. नामदेव त्याच्यावर रुसलेत, तुकोबांनी त्याचा हिशोब काढलाय. आणि हे अभंग लपवून ठेवलेले नाहीत, टाळ-मृदंगावर गायले जातात. आपल्याकडे देवावर जीव असणं आणि त्याला जाब विचारणं यांत कधी विरोध नव्हता. जीव आहे म्हणूनच जाब.

आता २०१७चा डिसेंबर घ्या. जुने आयफोन आपण मुद्दाम हळू करतो, असं अ‍ॅपलने कबूल केलं. कारण तांत्रिक होतं आणि खरंही होतं: लिथियमची बॅटरी जुनी झाली की प्रोसेसरने एकदम जास्त करंट मागितल्यावर तिला झेपत नाही आणि फोन बंद पडतो. म्हणून अपडेटमधून प्रोसेसरलाच लगाम घातला. फक्त हे फोनच्या मालकाला नीट सांगितलं नव्हतं. नवी बॅटरी टाकली की काम भागेल हे ज्याला कळलंच नाही, तो नवा फोन घ्यायला निघणार. कंपनीने माफी मागितली, बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९वर आणला. त्यावर कितीतरी चाहते मात्र लिथियमचं रसायनशास्त्र समजावत बसले. शास्त्र बरोबरच होतं, पण तक्रार न सांगण्याबद्दल होती. जनाबाईच्या जागी हे असते तर विठोबाचं वकीलपत्र घेऊन आले असते.

माझा मावसभाऊ अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला आहे. आयफोन हप्त्यावर, अजून नऊ हप्ते बाकी. तिकडे त्याचा दोन महिन्यांचा ओव्हरटाइम अडकलाय. विचारायला गेला तर कंपनी म्हणते, कंत्राटदाराला विचार. त्या उत्तरावर तो जे बोलतो ते इथे छापण्यासारखं नाही.

त्याला मी नरसापूरची गोष्ट सांगितली. कर्नाटकात कोलार जिल्ह्यात विस्ट्रॉनचा कारखाना होता, तिथे आयफोन जोडले जायचे. १२ डिसेंबर २०२०ला पगाराच्या तक्रारींवरून कामगारांचा उद्रेक झाला, मोठी तोडफोड झाली. काहींना पगार बरोबर किंवा वेळेवर मिळाला नव्हता, हे पुढे विस्ट्रॉनने मान्य केलं. अ‍ॅपलनेही आपले नियम मोडल्याचं सांगून विस्ट्रॉनला नवीन काम देणं थांबवलं.

"पण दादा, ते विस्ट्रॉनचं ना," तो लगेच म्हणाला. "अ‍ॅपलचा काय संबंध? त्यांनी तर उलट कारवाई केली."

त्याच्या कारखान्याचा मॅनेजर हेच म्हणाला असता, याच शब्दांत. मी ते बोललो नाही. त्याला ते बोलता बोलताच जाणवलं असावं, कारण तो गप्प झाला. मला वाटतं, तो अ‍ॅपलची बाजू घेतच नव्हता. पगाराचा मोठा वाटा दर महिन्याला ज्या वस्तूसाठी जातो, तिच्यात खोट निघाली तर खोट आपल्या निवडीत निघते. तो स्वतःची बाजू घेत होता. जनाबाईला ही अडचण नव्हती, विठोबा काही तिने हप्त्यावर घेतला नव्हता.

फोन विकून टाक, असं मी त्याला सांगणार नाही. त्याचा कॅमेरा खरंच चांगला आहे, आणि दिवसभर मशीनवर उभ्या राहणाऱ्या माणसाने एक सुंदर वस्तू हातात धरायची इच्छा धरली तर मी कोण बोलणारा? मला त्याच्याकडून एवढंच हवं होतं की नरसापूरच्या पोरांबद्दल ऐकताना त्याला आधी स्वतःचा अडकलेला ओव्हरटाइम आठवावा, सफरचंद नंतर.

थोड्या वेळाने त्याने फोन पालथा ठेवला आणि विचारलं, "त्या पोरांचे पैसे शेवटी मिळाले का रे सगळ्यांना?"