वाकळ आणि मेणकापड

अप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला त्याला दोन वर्षं झाली. उजवी बाजू गेली, वाचाही निम्मी गेली. घर साताऱ्यात. दादाचं तिथेच किराणा दुकान आहे, मी पुण्यात नोकरीला, ताई कराडला दिलेली. दवाखान्यातून अप्पांना घरी आणलं त्या आठवड्यात आम्ही तिघा भावंडांनी पैसे काढून ७ किलोचं, पुढून दार असलेलं वॉशिंग मशीन घेतलं. अंथरुणाला खिळलेलं माणूस ज्यांच्या घरात आहे त्यांना सांगायला नको, रोज दोन-तीन चादरी, लुंग्या, अभ्रे, फडकी, शिवाय रात्री-अपरात्री बदललेलं काहीबाही. मशीन आलं आणि आपापला वाटा उचलला, असं समजून ताई कराडला गेली, मी पुण्याला गेलो.

गेल्या पावसाळ्यात एका शुक्रवारी दादाचा फोन आला. "मशीन पिळेना झालंय."

कपडे धुतले जात होते, पाणीही बाहेर जात होतं. पण पिळायची वेळ आली की ड्रम थोडा वेग घ्यायचा, धडधडायचा आणि थांबायचा. मग उलटसुलट फिरून पुन्हा वेग घ्यायचा, पुन्हा थांबायचा. असं चार-पाच वेळा झाल्यावर मशीन नाद सोडायचं आणि गच्च ओले कपडे तसेच राहायचे. साताऱ्याच्या पावसात असले कपडे तीन दिवस वाळत नाहीत. दुरुस्तीवाल्या एकाला फोनवर विचारलं, तर त्याने न बघताच सांगितलं, बोर्ड गेला असेल, साडेआठ हजार धरून चाला.

शनिवारी मी पोचलो. दादा वैतागलेला होता. "दोन वर्षांत मशीन बिघडतं का? कसंही कोंबलं की असंच होणार," तो म्हणाला. वहिनी ओट्यापाशी पाठमोऱ्या होत्या. त्यांनी ऐकलं, पण उत्तर दिलं नाही. हल्ली त्या फारसं बोलतच नव्हत्या. अप्पांना कुशीवर वळवताना मध्येच थांबायच्या, भिंतीला पाठ टेकून उभ्या राहायच्या. दादा त्याला रुसणं म्हणायचा. दोन-दोन आठवड्यांनी दोन दिवस येणाऱ्या मलाही तसंच वाटत होतं, हे लिहिणं मला भाग आहे.

शेजारच्या काकूंनी तात्यांचं नाव सुचवलं. तात्यांचं वय पासष्टीच्या पुढचं. तरुणपणी ते मुंबईच्या एका गिरणीत, त्रासन म्हणजे सूतकताईच्या खात्यात फिटरच्या हाताखाली होते. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यांची नोकरी गेली ती गेलीच. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणातले कितीतरी कामगार तेव्हा रिकाम्या हाताने गावी परतले, त्यांतलेच हे एक. आधी पंखे आणि मिक्सर, पुढे मशीनं, असं करत त्यांनी घर चालवलं.

ते आले, हत्यारांची पिशवी उंबऱ्याशी ठेवली आणि तिला हात न लावता मशीनसमोर पाटावर बसले.

"पाणी भाईर जातंय का?"

"जातंय," दादा म्हणाला.

"दार बंद हुतंय? खटका वाजतो?"

"हो."

"मग मशीन रिकामं करून नुसतं पिळायला लावा."

रिकामा ड्रम सुरू झाला, वेग घेत गेला आणि पूर्ण वेगाने, एका सुरात फिरला. तात्या डोळे मिटून ऐकत होते. "मोटर बरी हाय, पट्टा बरा हाय, पंप बी बरा. बोर्ड गेला असता तर ह्ये फिरलंच नसतं. साडेआठ हजार ठेवा खिशात."

ही रिकाम्या ड्रमची परीक्षा फुकट होती आणि आम्हा कुणाला सुचली नव्हती. तात्यांचा क्रमच तसा: आधी बिनपैशाचं बघायचं, मग थोड्या पैशाचं, आणि मशीन उघडायचं ते अगदी शेवटी. त्यांनी बटण बंद करून प्लग काढला. खालच्या कोपऱ्यातली झडप उघडून पुढे परात धरली आणि फिल्टर सावकाश फिरवून काढला. लोकर, केस, एक बटण एवढंच निघालं. तो तुंबलेला असता तर पाणी आतच राहिलं असतं, आणि पाणी असेपर्यंत मशीन पिळायला घेतच नाही. आमच्याकडे तसं नव्हतं. मग मशीनचे दोन समोरासमोरचे कोपरे दाबून पाहिले. मोरीकडे फरशीला उतार होता आणि एक पाय अधांतरी होता. तात्यांनी तो पान्याने खाली उतरवला आणि अर्धी भरलेली पाण्याची बाटली वर आडवी ठेवून पातळी जुळवली. दोन टबांच्या अर्ध्या स्वयंचलित मशीनचं दुखणं निराळं असतं, ते सांगत होते. तिथे पिळायच्या टबाच्या झाकणाखालचा स्विच, ब्रेकची तार, मोटरचा कपॅसिटर यांतलं काहीतरी निघतं.

"आता सांगा, काल यात काय घातलं हुतं?"

दादाने माझ्याकडे पाहिलं, मी दादाकडे. आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. वहिनी आतून वाकळ आणि मेणकापड घेऊन आल्या.

वाकळ आईची. तिच्याच जुन्या लुगड्यांची, सहा पदरी, हाताने टाचलेली. आई गेल्यापासून अप्पांना या वाकळेशिवाय झोप लागत नाही, म्हणून ती एका दिवसात धुऊन वाळवायची असते. आणि मेणकापड म्हणजे अप्पांच्या चादरीखालची रबरी शीट.

तात्यांनी मेणकापड उचलून बाजूला ठेवलं. "ह्ये मशीनमधी कधीच घालू नका. कापडातलं पाणी भोकांतून निघून जातं. ह्याच्यातनं ते निघत नाय, घडीत पिशवीसारखं साठून राहतं, आणि वेगात असताना घडी सुटली की मशीन जागचं उडतं. हातानं धुवायचं आन् सावलीत टाकायचं." मग त्यांनी भिजलेली वाकळ एकटीच ड्रममध्ये ठेवून मशीन लावलं. धडधड, थांबणं, उलटसुलट फिरणं, पुन्हा धडधड. अगदी कालच्यासारखं.

मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्या झाल्या की कपडे ड्रमच्या भिंतीला चिकटतात आणि जिथे चिकटले तिथेच राहतात. पाच-सहा लहान कपडे असले तर ते चहूकडे पसरतात. एकटी जड वाकळ एकाच बाजूला गोळा होऊन बसते. मी कागदावर हिशेब करून पाहिला. ड्रमच्या मध्यापासून भिंत साधारण २४ सेंटिमीटर, वेग मिनिटाला १००० फेऱ्या. एका बाजूला १ किलो वजन जादा असलं, तर ते अडीचशे किलोंहून अधिक जोराने ड्रमला बाहेर ओढतं, आणि त्या ओढीची दिशा सेकंदाला सोळा वेळा फिरते. हे हिसके झेलायला आत स्प्रिंगा असतात, सिमेंटचे जड ठोकळे असतात, पण त्यांनाही मर्यादा आहे. म्हणून मशीन आधी कमी वेगात फिरून वजनाचा अंदाज घेतं, कपडे पुन्हा पसरायचा प्रयत्न करतं आणि जमलं नाही तर पुढे जात नाही.

हिशेब ऐकून तात्यांनी मान हलवली. "त्रासनात चाती थरथरली की आम्ही साचा बंद करायचो. जॉबर शिव्या द्यायचा, पर चालू ठेवला असता तर बेअरिंग गेलं असतं. ह्ये बिघडलं न्हवतं, दादा. समदं वजन एका अंगाला आलंय, म्हणून मोडायच्या आत ते थांबतंय."

"बरं आहे त्याचं," वहिनी म्हणाल्या. "त्याला थांबता येतं."

आवाज चढलेला नव्हता. त्या मोरीच्या कट्ट्यावर बसल्या होत्या आणि एक हात कमरेवर होता. अप्पा साठ किलोंचे. त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, रात्रीसुद्धा, नाहीतर पाठीला जखमा होतात. दोन वर्षांत हे किती वेळा झालं असेल, याचा हिशेब आमच्यापैकी कुणी कधी केला नव्हता. दादा खाली बघत राहिला. तात्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी वाकळ बाहेर काढली, झटकून मोकळी केली, ड्रममध्ये सैल पसरून ठेवली, सोबत दोन ओले टॉवेल आणि एक चादर घातली आणि दार लावलं.

या खेपेला ड्रम थोडा अडखळला, कपडे इकडून तिकडे सरकले, आणि मग आवाज बारीक होत एकसारखा झाला. वाकळ हाताला दमट लागेल इतकी पिळून निघाली. तात्यांनी दीडशे रुपये घेतले, चहा घेतला आणि अप्पांच्या खोलीत जाऊन त्यांचा डावा हात हातात धरून दहा मिनिटं बसले.

त्या रात्री अप्पांना वळवायला दादा आणि मी आळीपाळीने उठलो. पहाटेपर्यंत माझी पाठ भरून आली होती. सोमवारी दादा वहिनींना डॉक्टरांकडे घेऊन गेला. कमरेचे स्नायू दुखावले होते, पंधरा दिवस वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलं. बोर्डासाठी काढून ठेवलेले साडेआठ हजार रात्रीच्या मदतनीस बाईंच्या पहिल्या महिन्याच्या पगारात गेले. आता दुपारी एक ते चार दादा दुकान बंद ठेवून अप्पांजवळ असतो. बुधवारी ताई कराडहून येते. मी शुक्रवारी रात्री निघतो, शनिवार-रविवारच्या चादरी माझ्याकडे असतात, आणि मेणकापड मी हाताने धुतो.

यंदाच्या दिवाळीत वहिनी आठ दिवस माहेरी राहून आल्या, दोन वर्षांत पहिल्यांदाच.