झाकलेले पिस्तूल आणि ठाण्यातला अहवाल

2016 च्या शस्त्र नियमांत एक तरतूद आहे. परवानाधारकाने सार्वजनिक ठिकाणी हत्यार बाळगताना ते पूर्णपणे झाकलेले असावे, त्यावर त्याचा पक्का ताबा असावा आणि ते उगारून दाखवू नये. म्हणजे आपल्याकडे कायदेशीर पिस्तूल कायद्याच्याच हुकमाने लपलेले असते. जुन्नर तालुक्यातल्या आळेफाट्याच्या चौकात नाकाबंदीला उभा असलेला शिपाई गाडी थांबवतो, काच खाली होते, आतला माणूस नाव सांगतो. त्याच्या सदऱ्याखाली काय आहे ते शिपायाला दिसत नाही. शिपायाच्या हातात बहुतेक वेळा काठी आणि शिट्टीच असते. शस्त्र अधिनियमाच्या कलम 19 प्रमाणे हत्यार बाळगणाऱ्याकडे परवाना मागण्याचा अधिकार त्याला आहे, पण कोणाकडे मागायचा हे कळायला आधी हत्यार दिसले पाहिजे.

अशा नागरिकाविषयी पोलिसाला काय वाटते? हा प्रश्न अमेरिकेत वारंवार विचारला जातो आणि त्यावर मोठी सर्वेक्षणे होतात. आपल्याकडे पोलिसाचे हे मत एका सरकारी कागदावर लिहिले जाते. त्या कागदाला अहवाल म्हणतात. परवाना देण्यापूर्वी जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा, असे अधिनियमाचे कलम 13 सांगते. कोण पिस्तूल बाळगणार हे ठरवण्यात पोलिसाचा हात सुरुवातीपासून असतो. म्हणूनच त्याच्या वृत्तीचा विचार गावपातळीवरून केला पाहिजे.

निमगाव सावा हे जुन्नर तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातले गाव. ऊस, कांदा, बाजारच्या दिवशी हातात येणारी रोकड आणि महामार्गामुळे चढलेले जमिनीचे भाव, असे या भागाचे अर्थकारण आहे. इथला कोणी परवान्यासाठी अर्ज करतो तेव्हा तो अर्ज पुण्याला जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. तिथून पोलीस अधीक्षक, उपविभागीय अधिकारी अशी वाट उतरत कागद ठाण्यात येतो. मग बीट अंमलदार गावात येतो. पोलीस पाटलाला विचारतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करतो, ठाण्याच्या दप्तरात अर्जदाराचे नाव कुठे आहे का ते पाहतो. अर्जात लिहिलेले असते, ‘जीवितास धोका.’ हा धोका कोणाकडून, ते बहुधा अंमलदाराला आधीच ठाऊक असते. ग्रामीण ठाण्यात येणाऱ्या तक्रारींचा मोठा वाटा बांधाचा, रस्त्याचा, विहिरीच्या पाळीचा आणि वाटणीचा असतो. ज्याच्यापासून जिवाला धोका आहे, तो अर्जदाराचा चुलतभाऊ असतो. उद्या तो चुलतभाऊही तसाच अर्ज करणार आणि त्याच्याही अर्जात तेच दोन शब्द असणार.

इथे पोलीस कचरतो आणि मला त्याचे कचरणे पटते. बांधावरच्या भांडणात दोन्ही बाजूंकडे काठ्या असतात तोवर डोकी फुटतात, टाके पडतात, माणसे दवाखान्यातून घरी येतात आणि भावकी पुन्हा एका मांडवात जेवते. तिथे एका कमरेला पिस्तूल आले की प्रकरण टाक्यांवर थांबत नाही. कायद्याच्या पुस्तकात ‘कायदेशीर हत्यार’ आणि ‘बेकायदा हत्यार’ यांच्यात मोठी भिंत आहे. पंचनामा करणाऱ्या माणसाला मात्र दोन्हींची गोळी सारखीच दिसते. मध्य प्रदेशातल्या उमर्टीसारख्या गावांतून येणारा गावठी कट्टा पकडला तर पोलिसाला शाबासकी मिळते. परवान्याच्या पिस्तुलाने खून झाला तर ‘शिफारस कोणी केली’ हा प्रश्न त्याच्या नावावर येतो.

तरीही प्रत्येक बंदूकवाल्याकडे तो एकाच नजरेने पाहत नाही. सैन्यातून निवृत्त होऊन बँकेच्या दारात उभा राहणारा जवान आणि त्याची बारा बोअरची दुनळी यांची ठाण्याला चिंता नसते. ती बंदूक सगळ्यांना दिसते आणि ती धरणारा शिस्तीत वाढलेला असतो. कोकणात पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक असते. तिच्याकडे शिकारीच्या संशयाने पाहिले जाते, पण दहशतीच्या संशयाने नाही. कायद्यानेही हा फरक मानला आहे. कलम 13 मध्ये संरक्षणासाठी लांब नळीची बंदूक आणि पिकासाठी ठासणीची बंदूक यांना वेगळे, सौम्य स्थान आहे. पोलिसाला खुपते ते कमरेचे पिस्तूल, ज्याला बोली भाषेत ‘घोडा’ म्हणतात. ते धोका टाळण्यासाठी कमी आणि वजन वाढवण्यासाठी जास्त मागितले जाते, हे त्याला अनुभवाने कळलेले असते. जमिनीचे व्यवहार करणारा, ठेकेदार, पुढाऱ्याच्या मागेपुढे असणारा असे अर्जदार पाहिले की अहवाल लिहिणाऱ्याचा हात थबकतो.

महाराष्ट्रात परवाने तसे थोडे आहेत. 2016 अखेरच्या केंद्रीय आकडेवारीत देशात सुमारे 33 लाख 69 हजार परवाने होते. त्यांतले 12 लाख 77 हजार एकट्या उत्तर प्रदेशात आणि महाराष्ट्रात जेमतेम 84 हजार. पण या थोड्यांनीही पोलिसांचा संशय खरा ठरवला आहे. 22 एप्रिल 2006 रोजी प्रमोद महाजनांवर त्यांच्या धाकट्या भावाने गोळ्या झाडल्या त्या परवान्याच्या पिस्तुलातून, आणि नंतर तो स्वतः वरळी पोलीस ठाण्यात जाऊन हजर झाला. 2 फेब्रुवारी 2024 रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्याच दालनात, तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेनेच्या शिंदे गटाचे स्थानिक नेते महेश गायकवाड यांच्यावर गोळीबार केल्याचे सीसीटीव्हीत दिसले. वाद जमिनीचा होता आणि हत्यार परवान्याचे. त्यानंतर सहाच दिवसांनी दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. तिथे वापरलेल्या पिस्तुलाचा परवाना मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होता.

हिललाइनची घटना मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. तंटा मिटवायला दोन्ही बाजूंना ठाण्यात बोलवायचे, ही आपल्या पोलिसाची जुनी रीत आहे. ती चालते, कारण ठाण्यात हत्यार फक्त सरकारचे असते, असे सगळे धरून चालतात. कायद्याने झाकलेले पिस्तूल घेऊन माणूस आत आला आणि हा समज मोडला. यापुढे ठाणे अंमलदाराने वजनदार माणसाची झडती घ्यायची का? घेतली तर बदलीची भीती, नाही घेतली तर जिवाची.

बीडमध्ये हे सगळे एकत्र बाहेर आले. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यांना मारायला बंदूक वापरली नव्हती, पण त्या निमित्ताने जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याचे लोकांसमोर आले आणि हवेत गोळ्या झाडतानाच्या चित्रफिती फिरू लागल्या. फेरतपासणी झाली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. आधी त्यांतल्या प्रत्येक कागदावर कोणी तरी सही केली होती. ती सही करताना ठाण्याने खरे मत लिहिले होते की वरून आलेल्या फोनचे मत लिहिले होते, हा प्रश्न अजून कोणी नेटाने विचारलेला नाही.

ठाण्याचे खरे मत निवडणुकीत उघड होते. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना हत्यारे जमा करायला सांगतात. पूर्वी सरसकट सगळ्यांना नोटीस जायची. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे 2009 साली हा प्रश्न आला, आणि आता छाननी समिती नावे पाहून ठरवते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळात, सापडलेले अशा लोकांवर तिचे लक्ष असते. पण मग ज्याचे पिस्तूल मतदानाच्या महिन्यात धोक्याचे वाटते, त्याचे ते उरलेल्या काळात धोक्याचे कसे नाही? ज्या यादीने हत्यार तात्पुरते ठाण्यात येते, त्याच यादीने कलम 17 खाली परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा प्रस्ताव जायला हवा. तो क्वचितच जातो.

पोलिसाने ठामपणे नकार लिहिला तरी तो टिकेल याची खात्री नसते. जिल्हाधिकाऱ्याच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे आणि पोलीस आयुक्ताच्या आदेशावर राज्य सरकारकडे अपील करता येते. 2025 साली पुण्यातल्या एका कुख्यात टोळीप्रमुखाच्या भावाचा अर्ज पोलीस आयुक्तालयाने फेटाळला होता. गृह राज्यमंत्र्यांनी अपिलात तो मंजूर केला. न्यायालयाने अर्जदाराला निर्दोष सोडले होते, असा मंत्र्यांचा खुलासा होता. गवगवा झाला तेव्हा पुणे पोलिसांनी परवाना प्रत्यक्षात दिलाच नसल्याचे सांगितले. या प्रकरणात कोण बरोबर, यावर पुष्कळ बोलले गेले. मला त्यातली पद्धत महत्त्वाची वाटते. पोलिसांचा नकार फिरवणाऱ्याने त्यांच्या प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्यायला हवे आणि ते उत्तर कोणालाही वाचता यायला हवे.

मात्र पोलिसांच्या नकारातही सगळे प्रामाणिक नसते. ‘शिफारस नाही’ एवढे दोन शब्द लिहून मोकळे होणे ही सोयीची वाट आहे. अमुक माणसाला पिस्तूल का देऊ नये, हे कारणांसह लिहायला त्या माणसाच्या धोक्याची खरी चौकशी करावी लागते. तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांनी जमीन घोटाळे उघड केले, पोलीस संरक्षण मागितले आणि 13 जानेवारी 2010 रोजी सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. त्यांच्या हाती पिस्तूल असते तर ते वाचले असते, असे मी म्हणत नाही. पण धोका खरा असलेल्या माणसाला ओळखण्यात व्यवस्था चुकते आणि वजन असलेल्याला ती लगेच ओळखते, ही माझी तक्रार आहे. नागरिकाला हत्यार नाकारणाऱ्या राज्यावर त्याचा जीव राखण्याची जबाबदारी दुपटीने येते. शस्त्र बाळगणे हा आपल्या घटनेने दिलेला हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2023 मध्ये अमेरिकेशी तुलना करून सांगितले. जगण्याचा हक्क मात्र घटनेने दिलेला आहे.

जुन्नर-आंबेगावात ही जबाबदारी बिबट्याच्या रूपाने रोज समोर येते. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, त्यांत दोन मुले होती. लोकांनी मंचरला महामार्ग अडवला. शेवटी वन विभागाने आणलेल्या नेमबाजांनी एक बिबट्या ठार केला. अशा दिवसांत ‘आम्हाला बंदुकीचे परवाने द्या’ ही मागणी उठते आणि ती करणाऱ्याच्या आवाजात कसलाही रुबाब नसतो. रात्री पाळीचे पाणी धरायला उसात उतरणाऱ्या माणसाची ती मागणी आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम 11 ने सद्‌भावनेने केलेल्या स्वसंरक्षणाला मुभा दिलेली आहे, त्यामुळे मागणी कायद्यात अगदीच बसत नाही असे नाही.

तरीही इथे मी पोलिसाच्या बाजूने आहे. बिबट्या मागून येतो, वाकलेल्या माणसाची मान धरतो, लहान पोरावर झेप घेतो. पिस्तूल बाहेर काढायला तो वेळ देत नाही. दाट उसात अंधारात झाडलेली गोळी पलीकडच्या वावरात पाणी धरणाऱ्याला लागेल, ही शक्यता बिबट्याला लागण्यापेक्षा मोठी आहे. त्या शेतकऱ्याला खरी गरज दिवसा थ्री-फेज विजेची आहे, वेळेवर लागणाऱ्या पिंजऱ्याची आहे, फोन केल्यावर अर्ध्या तासात येणाऱ्या वनरक्षकाची आहे. हे न देता परवाना देणे म्हणजे सरकारने आपले काम त्याच्या खांद्यावर टाकणे. पण त्याचा अर्ज फेटाळताना हे कारण त्याला समोर बसवून सांगितले पाहिजे. ज्या तालुक्यात उसातल्या माणसाला नकार मिळतो आणि महागड्या गाडीतल्या माणसाला होकार, तिथे पोलिसांच्या सावधपणावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

अमेरिकेतला अनुभव इथे उपयोगी पडतो. 2013 साली तिथल्या ‘पोलिसवन’ या संकेतस्थळाने पंधरा हजारांहून अधिक पोलिसांची मते घेतली. गुन्ह्याची वा मानसिक आजाराची पार्श्वभूमी नसलेल्या नागरिकांनी बंदूक बाळगावी, असे म्हणणारे 91 टक्क्यांहून अधिक होते. आणि 6 जुलै 2016 रोजी मिनेसोटात फिलँडो कॅस्टिल या कृष्णवर्णीय तरुणाची गाडी पोलिसाने थांबवली. आपल्याकडे बंदूक आहे, असे त्याने स्वतःहून सांगितले. परवाना त्याच्याजवळ होता. पोलिसाने सात गोळ्या झाडल्या, तो मेला, आणि वर्षभराने तो पोलीस निर्दोष सुटला. तत्त्वतः नागरिकाच्या बंदुकीला मान देणारे पोलीस दल रस्त्यावर त्याच बंदुकीच्या भीतीने माणूस मारते. लपलेली हत्यारे फार झाली की प्रत्येक थांबवलेल्या गाडीत पोलिसाला पिस्तूल दिसू लागते. आळेफाट्याचा शिपाई अजून तसा घाबरलेला नाही. काठी घेऊन तो रात्रभर उभा राहू शकतो, कारण 2016 च्या आकड्यांत महाराष्ट्रात परवाने 84 हजार होते, उत्तर प्रदेशासारखे बारा लाख नव्हते.

ती संख्या वाढू द्यायची नसेल तर पुणे जिल्ह्यात तालुकावार परवान्यांचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध करावेत. आता परवान्याची मुदत पाच वर्षांची आहे. नूतनीकरणाच्या वेळी मूळ धोका शिल्लक आहे का, ते ठाण्याने नव्याने तपासावे आणि नसेल तर हत्यार परत घ्यावे. वाचकांना माझी विनंती एवढीच, की तुमच्या शेजाऱ्याच्या अर्जाची चौकशी करायला बीट अंमलदार दारात आला, तर ‘माणूस चांगला आहे’ म्हणून त्याला वाटेला लावू नका. भांडण असेल तर भांडण सांगा, दारू असेल तर दारू सांगा, आणि धोका खरा असेल तर तोही सांगा. पोलीस पाटलाने आणि तुम्ही जे सांगाल, तेच त्या अहवालात उतरणार आहे.