निरपराधाच्या माथी



मदीनेत एकदा चिलखताची चोरी झाली. चोर मुसलमानांपैकीच, बनू जफर कुळातला होता. संशय आपल्यावर येतो आहे असे दिसताच त्याने ते चिलखत एका यहुदी माणसाच्या घरी नेऊन ठेवले आणि कुळातील मंडळी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापुढे त्याच्या निर्दोषत्वाची ग्वाही देऊ लागली. मुद्देमाल यहुद्याच्या घरात, साक्षीदार सगळे चोराचे भाऊबंद. अशा वेळी सूरह अन-निसाच्या 105 व्या आयतीपासूनचा भाग अवतरला, असे मुफस्सिरांनी नमूद केले आहे. त्याचा आशय असा की, दगाबाजांची वकिली करू नये आणि स्वतःचा अपराध निरपराधाच्या माथी मारणाऱ्याने घोर पाप शिरावर घेतले आहे. यहुदी सुटला, कलमा पढणारा दोषी ठरला.

हा प्रसंग आपण अभिमानाने सांगतो. मात्र बनू जफरच्या जागी स्वतःला उभे करून तो क्वचितच वाचतो.

8 सप्टेंबर 2006. शुक्रवार, शब-ए-बारातचा दिवस. मालेगावात हमीदिया मशीद आणि बडा कब्रस्तानच्या परिसरात जुम्म्याच्या नमाजनंतर स्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसे मारली गेली. ज्या नऊ जणांवर आरोप ठेवले गेले तेही मुस्लिमच. त्यांच्या जामिनासाठी नोव्हेंबर 2011 उजाडावे लागले आणि दोषमुक्तीसाठी 25 एप्रिल 2016. तोवर नऊपैकी एक जण हयात नव्हता. दरम्यानच्या काळात त्यांच्या मुलांना शाळेत कोणत्या नावाने हाक मारली गेली असेल, याचा हिशेब कोणत्याही निकालपत्रात येत नाही. आणि ज्यांची माणसे कब्रस्तानाच्या दारातच गेली, त्यांना तरी त्या दहा वर्षांत काय मिळाले?

म्हणूनच कायद्याने दिलेले संरक्षण ही गुन्हेगारावरची मेहेरबानी नव्हे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 नुसार अटक झालेल्यास कारण सांगावे लागते, आपल्या पसंतीचा वकील मिळतो आणि 24 तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते. यूएपीए कायद्यात मात्र आरोपपत्रासाठी 180 दिवसांपर्यंत मुदत वाढू शकते आणि आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले तरी जामीन अडतो. तिथे पहिल्या दिवसापासून वकील असणे किती मोलाचे, हे सांगायला नको. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यातील कसाबलाही न्यायालयाने वकील दिला. त्याला दोषी ठरवणाऱ्या त्याच निकालात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले.

आता अवघड भागाकडे येऊ. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने 2006 च्या लोकल रेल्वे स्फोटांतील बाराही आरोपींना निर्दोष ठरवले. बरोबर दहा दिवसांनी, 31 जुलैला, विशेष न्यायालयाने 2008 च्या मालेगाव स्फोटातील सातही आरोपींना विश्वासार्ह पुराव्याअभावी सोडले. पहिले आरोपी मुस्लिम, दुसरे हिंदू. त्या दहा दिवसांत कित्येकांनी एका निकालावर पेढे वाटले आणि दुसऱ्याला थोतांड म्हटले. दोन्ही बाजूंना. पहिल्या निकालाविरुद्ध शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. दुसऱ्याविरुद्ध दाद मागणे हा मृतांच्या वारसांचा हक्कच आहे. पण निकालपत्राचे एक पानही न वाचता केवळ आरोपींची नावे पाहून जो आपले मत ठरवतो, त्याने सूरह अल-माइदाची आठवी आयत पुन्हा उघडावी. एखाद्या समूहाविषयीचा रागही तुम्हाला न्यायापासून ढळवू नये, ही ताकीद तिथे श्रद्धावंतांनाच उद्देशून आहे.

22 एप्रिल 2025 रोजी पहलगाममध्ये धर्म विचारून माणसे मारली गेली. 26 जणांत आपल्या महाराष्ट्रातील सहा जण होते आणि पर्यटकांना घोड्यावरून फिरवणारा सय्यद आदिल हुसेन शाहही होता. मारल्या गेलेल्या एका नौदल अधिकाऱ्याच्या तरुण पत्नीने, मुस्लिमांवर आणि काश्मिरींवर राग काढू नका, आम्हाला न्याय हवा, असे जाहीरपणे म्हटले. त्यासाठी तिला शिव्या खाव्या लागल्या. इतक्या दुःखात तिने आपल्यासाठी जे केले, ते आपण आपल्या सुखात इतरांसाठी किती वेळा केले आहे?

पैठण रस्त्यावरच्या चितेगावात कारखान्यांमुळे दूरदूरचे लोक खोल्या भाड्याने घेऊन राहतात. हल्ल्याची बातमी येते तेव्हा चहाच्या टपरीवर नावे विचारली जातात, मोबाईलवर चित्रफिती फिरू लागतात. तेव्हा निंद्य कृत्याचा निषेध आपण आधी आणि निखळ शब्दांत करावा. ‘पण’ हा शब्द त्या वाक्यात नको. शहानिशा न केलेली चित्रफीत, ती आपल्या बाजूची असली तरी, पुढे पाठवू नये. सूरह अल-हुजुरातने हे स्पष्ट सांगितले आहे. वस्तीतील कुणाला चौकशीसाठी नेले, तर त्याच्या घराकडे पाठ फिरवू नये. दोन जाणत्या माणसांनी वकिलासह ठाण्यात जावे, नेल्याची वेळ लिहून ठेवावी, तपासात खरे तेच सांगावे. आणि उद्या संशयित आपल्या जमातीबाहेरचा असला, त्याच्या घराला भीतीपोटी कुलूप लागले, तर त्याच्या म्हाताऱ्या आईला दळण आणून देणारे हात कोणाचे असतील, हे येत्या जुम्म्याला मशिदीतून निघताना ठरवून ठेवावे.