नुसतं बघायला

ब्रिटनच्या व्हिसाच्या अर्जात भेटीचा मुख्य हेतू विचारतात. माझं उत्तर सोपं होतं. कंपनी आठवडाभर क्लायंटच्या बैठकांसाठी लंडनला पाठवतेय, म्हणजे कामासाठी. पण बैठका शुक्रवारी संपतात आणि परतीचं तिकीट मी मंगळवारी रात्रीचं करून घेतलंय. शनिवार, रविवार आणि रजेचे दोन दिवस, असे मधले चार दिवस माझे. त्यांचा राहण्याखाण्याचा खर्चही माझा. या चार दिवसांत काय करणार, हे अर्जानं फार खोदून विचारलं नाही. बाकी सगळ्यांनी विचारलं.

पुण्यातल्या टीममध्ये प्रश्न असतो तो 'काय काय कव्हर करणार?' असा. पूर्ण्याला घरी फोन लावला की पप्पा विचारतात, "बाबासाहेबांचं घर कोणत्या दिवशी?" आणि परभणीत अभ्यासिका चालवणारा माझा एक मित्र विचारतो, "चार दिवसाला किती जातील? साठ-सत्तर हजार? तेवढ्यात आमच्या अभ्यासिकेचं वर्षाचं भाडं निघतं रे."

तिघांनाही मी एकच उत्तर देतो, 'जरा बघून येतो.' ते कुणालाच पुरत नाही. म्हणून हा लेख. नुसतं बघायला जाणं हे पुरेसं कारण असू शकतं का? आणि माझ्यासारख्याच्या बाबतीत?

आधी टीमच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो माझ्या धंद्यातला आहे. मी एक शीट उघडलं आणि वीस ठिकाणं लिहिली: ब्रिटिश म्युझियम, टॉवर ऑफ लंडन, वेस्टमिन्स्टर, सेंट पॉल्स, ग्रीनिच, नॅशनल गॅलरी वगैरे. वीस ठिकाणं कोणत्या क्रमानं बघायची याचे पर्याय मोजले तर २४ वर १७ शून्यं, जवळपास एवढे होतात. तरी कॉम्प्युटरला हे जड नाही. आमच्याकडे याला 'ओरिएंटीअरिंग प्रॉब्लेम' म्हणतात. प्रत्येक ठिकाणाला काही गुण द्या, दोन ठिकाणांमधला वेळ द्या, हातात एकूण किती तास आहेत ते सांगा. जास्तीत जास्त गुण मिळतील असा रस्ता प्रोग्राम काढून देतो.

खरी अडचण आहे गुणांची. ते कुठून आणायचे, हे गणित विचारत नाही. बहुतेक जण ते अ‍ॅपवरच्या ताऱ्यांवरून घेतात. म्हणजे आधी गेलेल्या लाखो लोकांना काय आवडलं, त्याची सरासरी. या सरासरीला मी नावं ठेवणार नाही. लाखो लोकांना टॉवर ब्रिज आवडतो, कारण तो आवडण्यासारखाच असणार. पण १०, किंग हेन्रीज रोड हा पत्ता मी शीटमध्ये टाकला, तेव्हा प्रोग्रामनं तो पहिल्याच फेरीत वगळला. चॉक फार्म स्टेशनवर उतरायचं, चालत जायचं, एक घर बघायचं, परत यायचं. त्याच्या हिशेबानं अर्धा दिवस वाया.

बाबासाहेब १९२१-२२ मध्ये त्या घरात राहिले. महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली ते विकत घेतलं आणि आता तिथं स्मारक-संग्रहालय आहे. पप्पांच्या लंडनमध्ये एवढं एकच ठिकाण आहे. माझ्या शीटमध्ये त्याला किती गुण द्यायचे? दहापैकी दहा दिले तरी प्रोग्राम कधी ते घेतो, कधी टाकतो. हजार दिले की ते कायम येतं, पण मग गणिताला अर्थ उरत नाही. काही गोष्टी गुणांच्या रांगेत उभ्याच राहत नाहीत. त्या यादीत आधी येतात आणि उरलेल्या वेळात बाकीचं गणित करावं लागतं. तत्त्वज्ञानात याला कर्तव्य म्हणत असतील. आमच्या घरात याला सहा डिसेंबर म्हणतात.

पप्पा रेल्वेत गँगमन होते. पूर्णा जंक्शनचं गाव, घरात रेल्वेचा पास. त्या पासावर आम्ही कितीदा तरी दादरला गेलो. चैत्यभूमीची रांग, रांगेत रात्र, सकाळी अभिवादन, मग शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल. आई पिशवीतल्या भाकरी संपेपर्यंत थांबायची. पप्पा पुस्तकांचे पैसे संपेपर्यंत. मग परतीची गाडी. एवढ्या वेळा मुंबईला जाऊन मी गेटवे ऑफ इंडिया पाहिलं ते इंजिनिअरिंगनंतर, नोकरीच्या मुलाखतीला गेलो तेव्हा. दिवसाच्या गाडीनं जाताना औरंगाबादच्या पुढं दौलताबादचा किल्ला खिडकीतून दिसतो. डब्यातले सगळे वाकून बघतात. आम्ही तिथं कधी उतरलो नाही. पास होता, वेळ काढता आला असता, पण आमच्या प्रत्येक प्रवासाला कारण असायचं: अभिवादन, लग्न, मयत, दवाखाना, परीक्षा. विनाकारण जाणं हा प्रकारच आमच्या घरात नव्हता.

मी बरेच दिवस याचा अर्थ गरिबी असा लावत होतो. तो काही खोटा नाही. पण दौलताबादच्या किल्ल्याची एक गोष्ट वाचल्यावर तो अपुरा वाटायला लागला.

बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' नावाचं छोटं आत्मकथन आहे. ते त्यांच्या हस्ताक्षरात राहिलं होतं, पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९९० मध्ये छापलं. नाव व्हिसाचं असलं तरी परदेशाचा व्हिसा हा त्याचा विषय नाही. आपल्याच देशात माणूस म्हणून प्रवेश मिळण्याची वाट बघणं, हा विषय आहे. त्यात १९३४ सालचा एक प्रसंग आहे. चळवळीतल्या सहकाऱ्यांना सहलीला जायचं होतं. बाबासाहेबांनी यायला हो म्हटलं. वेरूळची बौद्ध लेणी बघायचीच असं ठरलं. तीसेक माणसं निघाली. गाजावाजा करायचा नाही, असाही बेत होता. वाटेत दौलताबाद लागतं. आपलं परभणी तेव्हा ज्या निजामाच्या राज्यात होतं, त्याच राज्यात. गावातली आपली माणसं चहापाण्याला थांबा म्हणत होती, पण अंधार पडायच्या आत किल्ला बघायचा म्हणून मंडळी पुढं गेली. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्यानं भरलेलं एक टाकं होतं. प्रवासाची धूळ अंगावर होती, काहींनी त्या पाण्यानं हातपाय-तोंड धुतलं. मागून एक म्हातारा ओरडत आला: यांनी टाकं बाटवलं. लोक जमले, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला बघायची परवानगी मिळाली ती एका अटीवर. आत कुठं पाण्याला हात लावायचा नाही. आणि त्यावर नजर ठेवायला एक सशस्त्र शिपाई सोबत.

इथं ओरडणारा म्हातारा मुसलमान होता. याच पुस्तकात बडोद्याच्या गोष्टीत पारशी आहेत, इतर ठिकाणी हिंदू. शिवाशिव एका धर्माच्या कुंपणात राहत नाही, हा बाबासाहेबांचा मुद्दा. पण हा प्रसंग वाचताना मला आणखी एक गोष्ट दिसते. हा सत्याग्रह नव्हता. महाडचं तळं १९२७ मध्ये झालं होतं, काळाराम मंदिराचा लढा १९३० मध्ये सुरू झाला होता. तिथं पाण्याला हात लावणं, पायरी चढणं ही ठरवून केलेली कृती होती. दौलताबादला त्यांना काहीच सिद्ध करायचं नव्हतं. एक दिवस कामातून मोकळं होऊन, चारचौघांसारखा किल्ला बघायचा होता. तेवढंही जमलं नाही. हातपाय धुण्यासारखी साधी गोष्टसुद्धा बंड ठरली.

हक्कांची यादी करताना आपण पाणी, मंदिर, शाळा, मत, नोकरी असं लिहितो. विनाकारण भटकण्याचा हक्क त्यात कुणी लिहीत नाही, कारण तो चैनीसारखा वाटतो. पण माणूस एखाद्या जागी खरोखर समान आहे की नाही, हे कशावरून ओळखायचं? काम असताना त्याला आत घेतात यावरून नाही. काम असलं की गँगमनलाही घेतात, ऊसतोड्यालाही घेतात. काहीही काम नसताना तो तिथं उभा राहिला आणि कुणी 'काय काम आहे?' असं विचारलं नाही, तर तो समान. पर्यटक म्हणजे काम नसलेला माणूस. म्हणून पर्यटक होता येणं ही समतेची एक चांगली परीक्षा आहे.

आता मित्राच्या प्रश्नाकडे. तो हलका नाही. पीटर सिंगर या तत्त्वज्ञानं १९७२ मध्ये एका निबंधात असाच युक्तिवाद मांडला. तळ्यात बुडणारं मूल वाचवताना कपडे खराब होतील म्हणून आपण थांबत नाही. मग चैनीवर घालतो त्या पैशानं दूरवरचा जीव वाचत असेल, तर तो न देणं कसं बरोबर ठरेल? याला मोडून काढणारं उत्तर माझ्याकडे नाही. मी कमाईतला एक हिस्सा अभ्यासिकेला देतो, आणि तो पुरेसा आहे का हा प्रश्न उघडाच राहील, लंडनला गेलो तरी आणि नाही गेलो तरी. पण सिंगर आणि माझा मित्र यांच्यात एक फरक आहे. सिंगर हा प्रश्न प्रत्येक कमावत्या माणसाला विचारतात. मित्र फक्त मला विचारतो. माझ्या टीममधले किती जण थायलंडला, बालीला जाऊन आले. त्यांच्या खर्चाचं भाड्यात रूपांतर त्यानं कधी केलं नाही. त्यांचा प्रवास हा प्रवास, माझा प्रवास मात्र समाजाच्या खात्यातून केलेली उचल. हे त्याच्या मनात वाईट हेतूनं येत नाही, आपलेपणानं येतं. पण त्यातून निघतं असं, की आमच्यातला माणूस कायम कामावर असतो. दौलताबादच्या किल्ल्यात शिपाई सोबत चालला होता. 'याचा समाजाला काय उपयोग?' हा प्रश्नही तसाच सोबत चालतो, फक्त तो आपल्या माणसांनी दिलेला असतो.

याहून अवघड आक्षेप माझाच आहे. दिवाळीच्या आगेमागे आमच्या जिल्ह्यातून, गंगाखेड-सोनपेठकडून, ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली, संसार ट्रॅक्टरवर, पोरं वरती बसलेली. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. ही माणसं माझ्यापेक्षा जास्त प्रवास करतात आणि फडापलीकडचं फार काही बघत नाहीत. मग मी ज्याला हक्क म्हणतोय, तो प्रत्यक्षात पगाराची पावती असलेल्यांचाच ना? आहे. पण म्हणून तो सोडून दिला तर त्यांना तो मिळत नाही. उलट, विनाकारण बघण्याची किंमत ज्याला कळली, त्यालाच दुसऱ्याच्या आयुष्यातली त्याची उणीव दिसते. एरवी आपण म्हणत राहतो, त्यांना पोटाला मिळालं म्हणजे झालं.

राहिले पप्पा. त्यांना वाटतं, लंडनला जाऊन बाबासाहेबांचं घर बघितलं की सगळं बघितलं. मला त्या घराबद्दल सगळ्यात जास्त काय वाटतं, ते सांगतो. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून यावं लागलं. करार होता म्हणून ते बडोद्याला नोकरीवर गेले. तिथं राहायला खोली मिळेना. पारशी सरायीत पारशी नाव सांगून राहिले. ते उघडं पडल्यावर लोक काठ्या घेऊन आले. सामान बाहेर काढून त्यांनी गाडीच्या वेळेपर्यंतचे तास एका सार्वजनिक बागेत काढले. त्या बागेत आज लोक फिरायला जातात. पुढं पैसे साठवून, शाहू महाराजांची आणि मित्राची मदत घेऊन, ते १९२० मध्ये परत लंडनला गेले. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली. किंग हेन्रीज रोडचं घर या दोन वर्षांमधलं. व्हिसासाठी कागद जमवताना 'लंडनमध्ये कुठं राहणार' ते मी अर्ध्या मिनिटात भरलं. जी गोष्ट बडोद्यात त्यांना मिळाली नाही, ती या घरानं दिली होती: स्वतःच्या नावावर एक पत्ता.

म्हणून ते घर बघायचंच. पण फक्त तेच बघून परतलो, तर माझी लंडनची फेरी ही दादरची आणखी एक फेरी होईल. बाबासाहेब स्वतः तिथं गेले ते आपल्या माणसाचं घर शोधायला नाही. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून चलन, विनिमयदर आणि सोन्याच्या मानकाचा अभ्यास करायला गेले. त्यांचं कुतूहल ओळखीच्या गोष्टींवर थांबत नव्हतं. आपण मात्र त्यांच्या नावानं फक्त ओळखीच्या जागी जातो.

तर चार दिवसांचा बेत असा ठरलाय. शनिवारी सकाळी चॉक फार्म. पप्पा म्हणाले आहेत, फोटो पाठवू नको, थोडा वेळ बस तिथं. आईला एवढंच हवंय की त्या खोलीत थंडी किती वाजते ते सांग. दुपारनंतर ब्रिटिश म्युझियम, तिथं प्रवेशाला पैसे लागत नाहीत. रविवारी टीमच्या यादीतलं टॉवर ब्रिज आणि ग्रीनिच, इतरांसारखं, गर्दीत. सोमवारी नॅशनल गॅलरीत चित्रं, ज्यातलं मला काही कळत नाही. मंगळवारी शीटमधला रकाना रिकामा आहे. प्रोग्रामला रिकामा रकाना चालत नाही, तो सारखा लाल खूण दाखवतो. त्या दिवशी नदीच्या काठानं चालत जायचं आहे. का, म्हणून विचाराल तर कारण नाही.

आणि परत आल्यावर पप्पांच्या पासावर, दिवसाच्या गाडीनं, तिघांनी दौलताबादला उतरायचं ठरलंय. आई म्हणाली, "तिथं काय हाय?" मी म्हटलं, किल्ला आहे. ती म्हणाली, "ते दिसतंय की खिडकीतून." मग थोडं थांबून म्हणाली, "भाकरी बांधून घेऊ."