पावतीवर छापलंय म्हणून

कोचिंग क्लासच्या काउंटरवर मुलीची फी परत मागणाऱ्या त्या आईच्या हातातली पावती एव्हाना सगळ्यांनी पाहिली आहे. मोबाइलवर मोठी करून पाहिली तेव्हा कुठे तळाची ओळ वाचता आली: एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही. मुलगी महिनाभरात आजारी पडून घरी आलेली, फी मात्र दोन वर्षांची आगाऊ भरलेली. आणि काउंटरवरचा तरुण त्या ओळीवर बोट ठेवून एकच वाक्य घोकत होता, "मॅडम, पावतीवर छापलंय."

छापलंय! कोणी छापलं? क्लासनेच. दाखवलं कधी? पैसे घेतल्यावर. पावती हातात पडते तोवर व्यवहार उरकलेला असतो. त्यानंतर एकाने परस्पर घातलेली अट दोघांनी मिळून ठरवलेली कशी होते, हे मला कोणी समजावून सांगावं. प्रवेश अर्जावर पालकांची सही असते, हे खरं. ती कशी घेतली जाते तेही आपल्याला ठाऊक आहे. मागे रांग असते आणि पुढे भराभर पानं उलटणारा एक हात: "इथे, इथे आणि इथे." एखादा बाप वाचायला थांबला तर "काका, सगळे करतात सही" असं ऐकवलं जातं. बरं, वाचून तरी काय करायचं? ती ओळ खोडा म्हटलं तर प्रवेश मिळत नाही. छापलं की ठरलं, असंच असेल तर उद्या "शिकवलं नाही तरी तक्रार करता येणार नाही" असंही छापतील आणि त्याच्यावरही असंच बोट ठेवतील.

ही सबब जुनी आहे आणि न्यायालयांनी ती केव्हाच झिडकारली आहे. साठच्या दशकात मद्रासमध्ये एका लाँड्रीने गिऱ्हाइकाची नवी साडी हरवली. पावतीवर छापलेलं होतं की कपडा हरवल्यास निम्मीच किंमत मिळेल. मद्रास उच्च न्यायालयाने ती अट सार्वजनिक हिताच्या विरुद्ध ठरवली. अशी अट चालू दिली तर लाँड्रीवाला कोणाचीही कोरी साडी निम्म्या किमतीत गिळू शकेल, हे न्यायालयाने नेमकं ओळखलं. एका साडीसाठी कोणी तरी उच्च न्यायालयापर्यंत भांडलं, म्हणून आज आपल्या हातात हा निकाल आहे. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

१८७२ चा करार कायदा तर इंग्रजांच्या काळापासून आहे. त्याचं कलम ७४ सांगतं की करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी लागेल असं लिहिलेलं असलं, तरी भरपाई वाजवी तेवढीच मिळते. लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. मग क्लासने सांगावं, त्याचं नुकसान किती झालं? एक बाक रिकामा राहिला. आणि प्रतीक्षा यादीतल्या मुलाला तो दिला असेल तर तोही राहिला नाही.

"एकाला परत दिली की सगळेच मागतील," असंही त्या तरुणाने सांगितलं. त्याच्या तोंडून निघालेलं खरं वाक्य हेच.

कोचिंग क्लास म्हणजे शिक्षणसंस्था नव्हे, त्यांना ग्राहक कायदा लागू होतो, हे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. मुलाने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असं केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. वसतिगृहाची आणि मेसची रक्कमसुद्धा. या सूचना म्हणजे कायदा नव्हे, हे मान्य. पण आयोगापुढे ठेवायला त्या उपयोगी पडतात, आणि काउंटरवर त्यांची छापील प्रत पुढे केली की समोरचा आवाज खाली येतो.

म्हणून त्या आईला, आणि तिच्यासारख्या सगळ्यांना, कळकळीने सांगावंसं वाटतं. आधी पावतीचा फोटो काढा. त्या चकचकीत कागदावरची शाई काही महिन्यांत उडते आणि पुरावा कोरा होतो. असल्या कागदावर लाखाची पावती देणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. मग साध्या मराठीत पत्र लिहा: किती भरले, किती दिवस मुलगी शिकली, किती परत हवेत, कधीपर्यंत. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लागत नाही. क्लास परगावचा असला तरी तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्याही. मुदत दोन वर्षांची. अटच अन्यायकारक आहे म्हणून तिला आव्हान द्यायचं असेल तर मात्र राज्य आयोगाकडे जावं लागतं. पैसे परत मागण्यासाठी जिल्हा आयोग पुरेसा आहे.

वकील हवाच असं वाटलं, तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईमाणसाला मोफत वकील मिळतो आणि तिचं उत्पन्न किती हे विचारलं जात नाही. ही गोष्ट किती घरांत माहीत आहे? क्लासच्या जाहिराती चौकाचौकांत लागतात, ही पाटी मला कुठे दिसत नाही.

वेळ लागेल. कायद्यात निकालासाठी तीन-पाच महिन्यांची मुदत आहे, प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, आयोगांमधल्या जागा रिकाम्या राहतात. याची लाज सरकारला वाटायला हवी. नातेवाईक म्हणतील, जाऊ दे, मुलीच्या तब्येतीकडे बघ. तब्येतीकडे तर ती बघतेच आहे, औषधांनाही पैसे लागतात. आणि तारीख काही तिला एकटीलाच पडणार नाही. नोटीस निघाली की क्लासलाही उत्तर द्यावं लागतं, माणूस पाठवावा लागतो, वकिलाची फी मोजावी लागते. आयोगाचा आदेश पाळला नाही तर तुरुंगवासाची तरतूद आहे. तिथे बोट ठेवायला पावतीवरची ओळ पुरणार नाही.